नाण्यावरची इजा: टांकसाळीतली की बाजारातली?

जळगाव-धुळ्याच्या बाजारात एखादं वाकडं, कापलेलं किंवा गुळगुळीत नाणं दाखवून 'मिसप्रिंट आहे, किंमत येईल' असं सांगणारे हल्ली बरेच भेटतात. बहुतेक वेळा ते नाणं टांकसाळीतून धडच निघालेलं असतं, जे काही झालं ते नंतर. हे ओळखायचं तर आधी धातू ओळखावा लागतो. गेल्या दोनशे वर्षांत नाण्यांचा धातू अनेकदा बदलला आणि तसतशी इजेची तऱ्हाही बदलत गेली.

मोगलांच्या काळात खानदेशचा रुपया बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीत पडे. शुद्ध चांदीचं ते नाणं सराफाच्या हातात आलं की तो कस पाहायला त्यावर बारीक ठसा मारी. चांदणी, ठिपका, फूल असे ते ठसे असत. झिजलेल्या रुपयाला बट्टा लागे, म्हणून वजन आणि खूण या दोन्हींवर सगळ्यांचं लक्ष असे. आज असा रुपया हाती आला की नवखा माणूस त्या खुणा टांकसाळीची चूक समजतो. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि 1835 पासून 11.66 ग्रॅमचा एकसारखा रुपया आला. सातपुड्यात तो दागिन्यात गेला. कडेवर डाखाचा ढेकूळ किंवा घासून काढलेल्या कडीची जागा दिसली, तर ते नाणं कधीकाळी कुणाच्या तरी गळ्यात होतं हे समजावं. मला तरी असं नाणं कोऱ्या रुपयापेक्षा मोलाचं वाटतं, पण ती टांकसाळीची चूक नव्हे.

1957 मध्ये दशमान पद्धत आली आणि 1964 पासून ॲल्युमिनियमचे हलके पैसे. हा धातू इतका मऊ की पैसा दाताखालीही वाकतो. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात पोरं ही नाणी रुळावर ठेवत. खेळ जिवावरचा होता, तरी चालायचा. चाकाखाली गेलेलं नाणं पसरतं, लांबट होतं, छाप पुसला जातो, कड पातळ होऊन चिरते. वजन मात्र जवळपास तेवढंच राहतं. म्हणून 'छापच पडला नाही' असं सांगून कुणी कोरं नाणं विकत असेल, तर आधी त्याचा व्यास मोजावा. टांकसाळीतून खरंच बिनछापाची निसटलेली चकती जवळपास मूळ मापाची आणि जाडीची असते, ती पसरट नसते.

1988 पासून 10, 25, 50 पैसे आणि 1992 पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला. हे स्टील चुंबकाला चिकटतं. त्यामुळे पुलावरून तापीत टाकलेली नाणी दोरीला चुंबक बांधून काढता येऊ लागली. त्याआधीचा तांबं-निकेलचा रुपया चुंबकाला दाद देत नाही. तो ओल्या मातीत राहिला की लालसर-तपकिरी होतो आणि मग 'तांब्याचा रुपया सापडला' अशी आवई उठते. स्टीलचं नाणं वाकायला कठीण, पण त्याला भोक पाडून नट-बोल्टखाली वायसर म्हणून वापरलं जातं. अशा नाण्याच्या भोकाभोवती धातू वर उचलला जातो. टांकसाळीबाहेरच्या घावाची ही पक्की खूण: घाव धातूला सरकवतो, त्यामुळे चऱ्याच्या काठाला उंचवटा येतो.

ॲसिडची गोष्ट निराळी. सराफी पेढीतलं तेजाब तांबं-निकेल खातं, संडास धुण्याचं ॲसिड स्टीलही खातं. अशा नाण्याची अक्षरं, कड आणि सपाट भाग सगळंच सारखं झिजतं आणि वजन घटतं. तांबं-निकेलचं पाच रुपयांचं नाणं 9 ग्रॅमचं असतं. ते बरंच हलकं भरलं तर शंका घ्यायलाच हवी.

कडेचा तुकडा गेलेल्या नाण्यांत सगळ्यात जास्त फसगत होते. पट्टीतून चकती पाडताना आधीच्या भोकावर पुन्हा घाव पडला, तर चंद्रकोरीसारखा तुकडा कमी होतो. छाप मारण्याआधी अशा चकतीची कड यंत्रात दाबून उचलतात, तेव्हा तुकड्याच्या बरोबर समोर पुरेसा दाब येत नाही, म्हणून तिथली कड बहुतेकदा अशक्त उमटते. कानस किंवा कात्रीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते. 'लाखी' नाण्याचंही असंच आहे. खऱ्या लाखीत एका बाजूला दुसऱ्या बाजूच्याच छापाची उलटी, खोलगट प्रतिमा असते आणि त्या बाजूचा मूळ छाप मुळीच नसतो. लेथच्या दुकानातल्या व्हाइसमध्ये दोन नाणी दाबली, तर मूळ छाप चेपलेला का होईना, दिसतो आणि त्यावर दुसऱ्याचा खोलगट ठसा चढतो.

2009 मध्ये दोन धातूंचं दहाचं नाणं आलं, पिवळं कडं आणि आत पांढरी टिकली. हातोडीचा फटका बसला किंवा आगीत तापलं की टिकली ढिली होते, कधी निघूनही पडते. 2011 च्या नाणे कायद्याने वापराने झालेली झीज आणि विद्रूप केलेलं नाणं यांत फरक केला आहे. कातरणं, कानशीने घासणं, शिक्का मारणं हे विद्रूप करण्यात मोडतं. विद्रूप झालेलं किंवा ठरल्यापेक्षा वजन घटलेलं नाणं कायदेशीर चलन राहत नाही. म्हणजे ज्या कापलेल्या दहासाठी गिऱ्हाईक हजार मोजतं, ते दुकानात दहालाही चालेलच असं नाही.