प्लँक्टनचं जाळं नेताय? मीटरचा आकडा आधी लिहा, मग जाळं सोडा

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, होड्या पुन्हा बाहेर पडतात आणि आम्ही वापरायला देतो त्या प्लँक्टनच्या, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बहुतांशी सूक्ष्म जीव गोळा करायच्या, जाळ्यांची मागणी सुरू होते. मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी येतात, पीएच.डी.वाले येतात, पर्यावरण अहवाल करणारे येतात. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या मिरकरवाडा धक्क्यावरून फोन येतो, आणि प्रश्न दरवेळी तोच: "मीटर शून्यावर कसं आणायचं?"

येत नाही. आणायची गरजही नाही. जाळ्याच्या तोंडात बसवलेलं प्रवाहमापक हे रिक्षाचं मीटर नाही, स्कूटरवरच्या एकूण किलोमीटरच्या आकड्यासारखं आहे. ते पुढेच जात राहतं. आपण सुरुवातीचा आकडा लिहायचा, शेवटचा लिहायचा आणि वजाबाकी करायची. उदाहरण घ्या: सोडताना २४१३०६, पाच मिनिटं ओढून वर घेतल्यावर २५२४७०. फरक ११,१६४. आमच्या मीटरच्या पंख्यासाठी त्याला २६,८७३ ने गुणायचं आणि ९,९९,९९९ ने भागायचं, म्हणजे जाळ्यातून गेलेल्या पाण्याची लांबी मिळते: ३०० मीटर. ५० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. गुणाकार केला की सुमारे ५९ घनमीटर पाणी गाळलं गेलं. हे गणित छापलेला कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे, तरी फोन येतात. येऊ देत.

खरा घोटाळा पुढेच आहे. बरेच जण फक्त शेवटचा आकडा लिहितात. "मागच्या ओढीचा शेवट तोच पुढच्या ओढीची सुरुवात" असं त्यांना वाटतं. कागदावर ते बरोबर दिसतं, होडीवर नाही. दोन ठिकाणांच्या मधे जाळं डेकवर पडलेलं असतं, होडी धावत असते, वारा लागतो आणि पंखा फिरत राहतो. जाळं कप्पीवरून टांगलेलं असताना तर जास्तच. आम्ही एकदा धक्क्यावर मुद्दाम बघत उभे राहिलो होतो: चहा संपेपर्यंत शेवटचे अंक बदलत होते. मागे एक मुलगी बारा बाटल्या घेऊन आली. नमुना टिकवायचं फॉर्मलिन योग्य, त्यात टाकणखार घातलेला, बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठीसुद्धा. पण वहीत बाराही ठिकाणी फक्त शेवटचा आकडा. बाटलीत किती कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) आहेत ते तिला मोजता आलं, पण एका घनमीटरला किती हे सांगता येईना. होडीचं भाडं, डिझेल, दोन दिवस, सगळं पुन्हा.

म्हणून आम्ही जाळ्याबरोबर छापील वही देतो आणि परत घेताना ती उघडून बघतो. काहींना हे शाळामास्तरी वाटतं. वाटू दे. पंख्यावर चढवायची कापडी पिशवीही पेटीत असते. ती जाळं पाण्याला टेकायच्या क्षणी काढायची, आकडा वाचायचा, मोठ्याने बोलायचा, दुसऱ्याने लिहायचा. वर आल्यावर आधी आकडा, मग पिशवी, मग बाकीचं.

"होडीचा वेग आणि वेळ धरून हिशोब केला तर?" असंही विचारतात. प्रवाह समोरून आहे की मागून, हे होडीच्या वेगावरून कळत नाही. आणि जाळं तुंबतं. वनस्पती प्लँक्टनसाठी २० मायक्रॉन छिद्रांचं नेलंत तर ते भराभर तुंबतं, आणि जेलीफिश आल्या तर २०० मायक्रॉनचंही. तुंबलेल्या जाळ्याच्या तोंडासमोरचं पाणी आत न शिरता बाजूने निघून जातं. ते फक्त मीटर सांगतं: त्याच पाच मिनिटांत फरक ११,००० वरून ६,००० वर आला तर ओढ कमी वेळाची करा. मीटर तोंडाच्या मधोमध न बसवता कडेकडे का, याचंही कारण आहे: मधे लगामाच्या, म्हणजे जाळं ओढणाऱ्या, दोऱ्यांमुळे पाणी ढवळलेलं असतं. कृपया ते "सरळ" करू नका.

'प्लँक्टन' हा शब्द १८८७ मध्ये रूढ करणारा व्हिक्टर हेन्सनसुद्धा मोजणीच्याच मागे लागलेला माणूस होता. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत निरनिराळ्या देशांच्या जहाजांना एकाच मापाचं प्रमाणित जाळं ठरवून दिलं होतं, ते याचसाठी. त्याच मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली.

उभी ओढ घेणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा. जाळं खाली जाताना पंखा उलटा फिरतो, त्यासाठी अटकाव असलेलं वेगळं मीटर आमच्याकडे आहे.

धुताना पाण्याचा पाइप जाळ्याच्या बाहेरून मारा, वरून खाली. सगळा माल तळाच्या बाटलीत उतरतो, डोल जाळ्याच्या खोल्यात, म्हणजे शेवटच्या पिशवीत, मासळी उतरावी तसा. आतून मारलं तर त्या पाण्यातले जीवही बाटलीत जातात, आणि तेवढं पाणी मीटरने मोजलेलं नसतं. परत आणण्याआधी गोडं पाणी, आणि सुकवणं सावलीत. नायलॉन उन्हात कुजतं.

क्षारतेसाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटरही बरोबर नेता येतो. नेण्याआधी डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबावर शून्य लावा. हे मात्र खरंच शून्यावर आणायचं असतं! खुल्या समुद्रात दर हजारी ३५ च्या आसपास दिसेल, खाडीत पावसाळ्यात त्याहून खूप कमी, तेव्हा "बिघडलंय" म्हणून फोन करू नका.

शेवटचं मीटरच्या पोटाबद्दल. पाण्यात सोडण्याआधी ते गोड्या पाण्याने भरलेलं हवं, मागचा स्क्रू काढून भरायचं. स्क्रू बोटभरही नाही, होडीवर हमखास हरवतो. हरवला तर सांगा, आमच्याकडे डबीभर आहेत. च्युइंगगम लावून आणू नका. एकाने आणलं होतं.