हिवाळी साहसकथा

हिवाळी साहसकथा : बर्फ, गोठलेले पाणी आणि हिमवादळे यांवर ज्यांचे कथानक उभे असते अशा मुलांच्या कादंबऱ्यांचा प्रकार. या प्रकारातील जुन्या पुस्तकांपैकी हान्स ब्रिंकर (१८६५) हॉलंडच्या गोठलेल्या कालव्यांवर घडते. लेखिका मेरी मेप्स डॉज यांनी तोवर हॉलंड पाहिलेही नव्हते. पुढच्या काळातील दोन कादंबऱ्या मात्र लेखकांच्या लहानपणच्या खऱ्या हिवाळ्यांतून आल्या. त्या एकमेकींच्या अगदी उलट असूनही दोन्ही आजवर वाचल्या जातात.

पहिली आर्थर रॅन्सम (१८८४–१९६७) यांची विंटर हॉलिडे (१९३३). बारा पुस्तकांच्या मालिकेतील ही चौथी. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये सुट्टीला आलेल्या मुलांची शाळा सुरू व्हायची वेळ येते, तोच त्यांची म्होरकी नॅन्सी हिला गालगुंड होतात. संसर्गाच्या भीतीने बाकीच्यांनाही शाळेत पाठवता येत नाही, सुट्टी महिनाभर वाढते आणि त्याच महिन्यात सरोवर गोठते. गालगुंडाचा इतका चांगला उपयोग दुसऱ्या कुणा लेखकाने केला असेल असे वाटत नाही. उन्हाळ्यात ज्यावर होड्या हाकायच्या, त्याच पाण्यावरून आता चालत जाता येते. रोजचा परिसर अनोळखी होतो आणि सरोवराच्या टोकाला मुले ‘उत्तर ध्रुव’ ठरवून टाकतात. बर्फात अडकलेल्या हाउसबोटीला ती फ्राम म्हणतात, कारण नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांनी त्या नावाचे जहाज मुद्दाम ध्रुवीय बर्फात गोठू दिले होते. निरोपाचा अर्थ चुकीचा लावल्याने डिक आणि डॉरोथिया ही शहरातून आलेली भावंडे शीड लावलेल्या घसरगाडीवरून एकटीच हिमवादळात निघतात आणि सगळ्यांच्या आधी ध्रुवावर पोचतात.

लेक डिस्ट्रिक्टमधील विंडरमियर सरोवर १८९५ च्या कडाक्यात गोठले, तेव्हा रॅन्सम तिथल्याच शाळेत शिकत होते. त्या वेळी खरे फ्राम जहाजही उत्तरेच्या बर्फात अडकलेलेच होते. असा हिवाळा इंग्लंडमध्ये क्वचितच येतो, त्यामुळे १९३३ च्या बहुतेक इंग्रज मुलांनाही गोठलेले सरोवर कल्पनेतच पाहावे लागले असणार. बर्फ न पाहिलेल्या वाचकाचे या पुस्तकांत फारसे अडत नाही ते यामुळेच. घसरगाडीला शीड कसे बांधायचे, कंदिलाने दूरच्या घराला खूण कशी करायची, हे सारे हातात काम दिल्यासारखे सांगितलेले असते.

दुसरी लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७–१९५७) यांची द लाँग विंटर (१९४०). इथे हिवाळ्याने सुट्टी दिलेली नाही, वेढा घातला आहे. अमेरिकेच्या डकोटा प्रदेशातील डी स्मेट या नव्या वसाहतीवर १८८०–८१ मध्ये एकामागून एक हिमवादळे आली. रूळ बर्फाखाली गेले, आगगाड्या बंद पडल्या आणि धान्य, कोळसा, रॉकेल सगळेच संपत आले. लॉरा आणि तिचे वडील वाळलेल्या गवताला पीळ देऊन जळणाच्या काड्या करतात. आई कापडात बटण गुंडाळून वात करते आणि बशीतल्या वंगणात ती पेटवते. गहू दळायला घरात एकच साधन, कॉफीच्या बियांचे हातयंत्र. ते आळीपाळीने दिवसभर फिरवावे तेव्हा कुठे त्या दिवसाची भाकरी. रूढ अर्थाने साहस म्हणावे ते एवढेच, की दोन तरुण जीव धोक्यात घालून गव्हाच्या शोधात माळावर जातात. पण वाचकाच्या ध्यानात अधिक राहते ते यंत्राचे हँडल. नाताळच्या भेटींचा पिंप गाडीने पोचतो मे महिन्यात, आणि मग आतली गोठलेली टर्की शिजवून नाताळ साजरा होतो.

प्रत्यक्षात त्या हिवाळ्यात इंगल्सांच्या घरी एक जोडपे आणि त्यांचे तान्हे मूलही राहत होते. वाइल्डर यांनी त्यांना कादंबरीतून वगळले. कलेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पाहुणे आले असते तर घराचा एकटेपणा उणावला असता.

वाइल्डर यांच्या पुस्तकांतील मूळ अमेरिकनांच्या चित्रणावर मात्र गंभीर आक्षेप आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेच्या बालसेवा विभागाने आपल्या पुरस्कारातून त्यांचे नाव काढले. द लाँग विंटरमध्ये एक वृद्ध मूळ अमेरिकन गावातल्या दुकानात येऊन सात महिन्यांच्या हिमवादळांचा इशारा देतो. येणारा हिवाळा सगळ्यांत आधी त्यालाच कळलेला असतो. लेखिकेने मात्र त्याच्या तोंडी मोडकीतोडकी इंग्रजी घातली आहे, आणि इशारा देऊन झाल्यावर तो कथेतून निघून जातो.