पुढे कललेली दाढ मागे नेणारी प्लेट

दुधाची मागची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर 'दुधाचीच होती, पडणारच होती' असे म्हणून अनेक घरांत विषय संपवला जातो. मात्र तिच्या मागे साधारण सहाव्या वर्षी उगवलेली कायमची पहिली दाढ असते आणि पुढचा आधार गेल्यावर ती मोकळ्या जागेकडे कलू लागते. दहा-बारा वर्षांच्या सुमारास तिथे उपदाढ यायची असते. तिला जागा उरत नाही आणि ती हिरडीखाली अडकते किंवा वाकडी उगवते.

ही जागा परत मिळवण्याचा एक जुना उपाय म्हणजे काढता-घालता येणारी प्लेट. वरच्या जबड्यासाठी ती टाळूवर बसणारी, अॅक्रिलिकची असते. स्टीलच्या तारेचे आकडे तिला दातांवर धरून ठेवतात आणि एक स्प्रिंग किंवा बारीक स्क्रू दाढेला मागे रेटतो. स्क्रूला चावीने पाव फेरा दिला की प्लेटचे दोन भाग जेमतेम पाव मिलिमीटरने दूर होतात, आणि दाताचे मूळ व हाड यांच्यामधल्या तंतूंच्या थराची जाडीही साधारण तेवढीच असते. दाब पडतो त्या बाजूचे हाड पेशी झिजवतात, ताण पडतो तिथे नवे हाड घालतात. दाढ महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकते. घाईने जास्त फेरे दिले तर त्या थराचा रक्तपुरवठाच दबतो आणि दाढ उलट आठवडेच्या आठवडे अडून बसते.

प्लेट दाढेच्या फक्त वरच्या भागाला रेटते, त्यामुळे दाढ मुळासकट सरकण्याऐवजी कलते. हा दोष खराच, पण मुळात पुढे कललेल्या दाढेला नेमके हेच हवे असते. मुळासकट पुढे आलेल्या दाढेसाठी मात्र ही प्लेट अपुरी पडते. शिवाय दाढ मागे रेटली जाते तेवढ्याच बलाने पुढचे दात पुढे ढकलले जातात, म्हणून दर भेटीत तेही तपासावे लागतात. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणारी दुसरी दाढ उगवण्यापूर्वी हे काम तुलनेने सोपे जाते.

खरी अडचण प्लेट डबीत राहण्याची. मूल ती नियमित घालत असेल, तर टाळूवर तिच्या कडेची खूण दिसते आणि ती तोंडात असतानाही बोलणे स्पष्ट येते. विचारण्याआधी डॉक्टर हेच पाहतात. जागा मिळाल्यावरही उपदाढ उगवेपर्यंत ती राखावी लागते, नाहीतर दाढ पुन्हा पुढे कलते.