भूक नसलेला मासा गळाला कसा लागतो?

पावसाळ्यात रामटेकजवळच्या खिंडसीच्या किंवा नागपूरच्या आसपासच्या एखाद्या जुन्या तलावाच्या गवताळ काठावर कधीकधी एक केशरी-लाल पुंजका पाण्यावर येतो, क्षणभर पाणी उकळल्यागत हलतं आणि पुंजका खाली जातो. ही मरळीची पिल्लं. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा आहे, म्हणून पिल्लांचा थवा असा एकदम वर येतो. त्याच्या खालीच आईबाप राखणीला असतात. जाणत्या गळवाल्याला हे ठाऊक असतं. तो थव्याच्या पलीकडे रबरी बेडूक फेकतो आणि थव्यामधून ओढत आणतो. राखणीची मरळ त्यावर तुटून पडते. तिला भूक लागलेली नसते. पिल्लांत घुसलेल्या परक्याला ती हाकलत असते, आणि तेवढ्यात गळ जबड्यात रुततो.

यात कायद्याने धरण्यासारखं काही दिसत नाही. गळ एक, दोरी एक, विष नाही, स्फोटकं नाहीत. मासा स्वतःहून तोंड उघडून आला. पण राखण उठली की त्या थव्याचा फडशा पाडायला दुसरे मासे, बगळे, पाणसाप टपलेलेच असतात. म्हणजे गळाला एक मासा लागला तरी तळ्यातून गेली अख्खी वीण. मरळ लगेच सोडून दिली तरी ती दमलेली, बावरलेली असते, आणि तेवढा वेळ पिल्लं उघडी पडतात.

नदीत उभं राहून लांब, लवचीक छडीने पिसांची खोटी माशी फेकणाऱ्यांच्या जगात, म्हणजे फ्लाय फिशिंगमध्ये, याच जातीचा वाद बरीच वर्षं पेटलेला आहे. ही माशी इतकी हलकी असते की ती स्वतःच्या वजनाने लांब जात नाही. फेकली जाते ती जाड, वजनदार दोरी, आणि माशी तिच्या मागून जाते. ट्राउट मासा पाण्यावर बसलेला किडा समजून ती उचलतो. सगळी कला एवढीच, की माशाला फसवायचं, पण त्याने फसायचं की नाही हे त्याच्यावर सोडायचं. या खेळाचं नीतिशास्त्र याच एका अटीवर उभं आहे.

आता सामन मासा घ्या. पॅसिफिक महासागरातला सामन अंडी घालायला नदीत शिरला की खाणं सोडतो. त्याला आमिष दाखवून उपयोग फार कमी. मग काही जणांनी वेगळी युक्ती काढली. प्रवाहाविरुद्ध पोहताना सामनचं तोंड उघडमीट होत असतं. गळाच्या मागे खूप लांब बारीक दोरी ठेवायची आणि ती माशांच्या रांगेतून आडवी वाहू द्यायची. दोरी उघड्या तोंडातून सरकत जाते आणि टोकाचा गळ जबड्यात बाहेरून रुततो. इंग्रजीत या प्रकाराला दात साफ करायच्या दोऱ्यावरून 'फ्लॉसिंग' म्हणतात. सामनच्या अनेक नद्यांवर पोटात, पाठीत गळ अडकवून मासा ओढायला बंदी आहे. असा आडवा लागलेला मासा सोडावाच लागतो. पण फ्लॉसिंगमधला गळ तोंडालाच असतो. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला तो मासा आणि प्रामाणिकपणे फसलेला मासा सारखेच दिसतात. फरक फक्त गळ आतून रुतला की बाहेरून, आणि माशाने काही ठरवलं होतं की नाही, एवढाच. ठरवणं कायद्याला मोजता येत नाही.

अलास्काने मात्र एका बाबतीत ते मोजून पाहिलं. तिथे सामनची अंडी खायला मागेमागे ट्राउट येतात, म्हणून अंड्यासारखा प्लास्टिकचा मणी दोरीत ओवून वापरतात. मणी गळापासून लांब पक्का बसवला तर मासा मणी तोंडात घेतो आणि दोरी ओढताच मागचा गळ गालात, कधी डोळ्यात घुसतो. तिथल्या नियमानुसार मणी गळापासून दोन इंचांच्या आत बसवलेला असावा, नाहीतर दोरीवर मोकळा सरकता असावा. मला हा नियम फार आवडतो. कारण तो 'सभ्य' आणि 'असभ्य' मासेमारीबद्दल काही बोलत नाही. जखम कुठे होते एवढंच बघतो.

आपल्याकडचा मूळ कायदा १८९७ चा आहे, भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा. त्याच्या चौथ्या कलमात डायनामाइट आणि इतर स्फोटकांना बंदी, पाचव्यात विष, चुना वगैरे पाण्यात टाकायला बंदी. मूळ शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. जाळ्याचं भोक किती मोठं असावं, कुठे काही काळ मासेमारी बंद ठेवावी, याचे नियम करायचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांना दिला. सगळा रोख साधनावर. आणि ती साधनं खरंच भयंकर आहेत. पाण्यात स्फोट झाला की दाबाची लाट माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपर्यंत पोचते आणि पिशवी फाटते. त्यातले काही मासे तरंगतात, बाकीचे तळाशी जातात आणि कुणाच्याच ताटात येत नाहीत. ब्लीचिंग पावडरमधला क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. जंगलातल्या गावांमध्ये गेळाची फळं ठेचून साचलेल्या डोहात टाकायची जुनी रीत आहे. त्यातलं साबणासारखं द्रव्य कल्ल्यांचंच काम बिघडवतं. कायद्याच्या पाचव्या कलमाला पावडरची गोणी आणि गेळाची टोपली यांत फरक नाही. मला आहे, निदान प्रमाणाचा. उन्हाळ्यात आटत चाललेल्या एका डोहातले मासे काढणं आणि वाहत्या कन्हान नदीत गोणी रिकामी करणं ही एकच गोष्ट नव्हे.

विजेचा उल्लेख त्या १८९७ च्या कायद्यात नाही, आणि आजचा सगळ्यात धोकादायक प्रकार तोच आहे. तारेवर आकडा टाकायचा आणि दोन टोकं पाण्यात सोडायची. घरगुती वीज आलटून-पालटून वाहणारी, तिने माशाचे स्नायू इतक्या जोरात आखडतात की पाठीचा कणा मोडू शकतो. मासा जितका लांब, तितका त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंतचा विजेचा दाब जास्त, म्हणून मोठे, वीण देणारे मासे आधी सापडतात. पाण्यात उतरलेला माणूसही याच नियमाने सापडतो. गंमत अशी की नदीतले मासे मोजायला शास्त्रज्ञही वीजच वापरतात. फक्त ती एकाच दिशेने, ठोक्याठोक्याने सोडलेली असते. त्या प्रवाहात मासा धन टोकाकडे आपोआप पोहत येतो, क्षणभर सुन्न होतो, मोजून सोडला की बहुतेक वेळा सावरतो. हत्यार तेच, पण व्होल्ट, ठोक्यांचा वेग आणि पाण्याचा क्षार बघून चालवलेलं.

काळाचं भान मात्र कायद्यापेक्षा माशांनाच जास्त असतं. पहिल्या मोठ्या पावसात नाल्यातून, धानाच्या बांध्यांतून मासे वर चढतात, आणि त्या चढणीच्या माशांना गाव अख्खं जमतं. मादीच्या पोटात अंडी भरलेली असतात. इथे सरसकट बोट दाखवायच्या आधी मासा कोणता हे बघावं लागतं. रोहू-कटला साचलेल्या तळ्यात वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ च्या १० जुलैला हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांची वीण करून दाखवली. तेव्हापासून तलावांतलं रोहू-कटल्याचं बीज मुख्यतः केंद्रांमधून येतं. म्हणून मच्छीमार संस्थेने बीज सोडलेल्या तलावात अंडीभरली रोहू मादी पकडली, तर जातीचं फारसं काही बिघडत नाही. तिची अंडी तिथे वाया जायचीच होती. नाल्यात चढणारे छोटे गावठी मासे, ज्यांचं बीज कुठल्याच केंद्रात तयार होत नाही, त्यांचं नुकसान खरं. पण त्यांची बाजू घेणारं कुणी नसतं, कारण फोटोत ते दिसत नाहीत.

फोटोवरून आठवलं. 'पकडा आणि सोडा' हा मंत्र आता आपल्याकडच्या हौशी गळवाल्यांनीही उचलला आहे, आणि त्यामागे एक प्रकारचा उच्चपणाही आला आहे: आम्ही खाण्यासाठी मारत नाही, आम्ही खेळतो. पिढीजात मच्छीमार ढिवर जाळं लावतो तो पोटासाठी, तो मात्र क्रूर. पेंच राष्ट्रीय उद्यानात तर दोघेही कायद्यापुढे सारखेच. वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दात मारण्याबरोबर पकडणंही येतं, प्राणी म्हणजे मासेही येतात, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानाच्या पाण्यात मासा पकडून सोडला हा बचाव होत नाही. पेंचमधल्याच तोतलाडोहच्या जलाशयावरच्या वादात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मध्य प्रदेशच्या बाजूने ३०५ विस्थापित आदिवासी कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले होते, त्याला एका पर्यावरण संस्थेने आव्हान दिलं. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. फोटोसह ओळखपत्र, काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही, अशा अटी घातल्या. धरणाने ज्यांची नदीच नेली त्यांचा विचार तिथे माशांच्या बरोबरीने झाला, हे मला योग्य वाटतं.

आता सोडलेल्या माशाचं काय होतं ते बघू. १९९२ मध्ये फर्ग्युसन आणि टफ्ट्स या कॅनडातल्या दोघा शास्त्रज्ञांनी इंद्रधनुषी ट्राउट दमेपर्यंत पळवले, काहींना मग पाण्याबाहेर धरलं आणि परत सोडलं. नुसते दमलेले १२ टक्के मासे १२ तासांत मेले. ३० सेकंद हवेत राहिलेले ३८ टक्के. एक मिनिट हवेत राहिलेले ७२ टक्के. प्रयोगातले मासे फारच दमवलेले होते, नदीवर इतके मरत नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. पाण्याबाहेर कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू घेणारा पृष्ठभागच नाहीसा होतो. धावून दमलेल्याचं नाक दाबावं, तसं हे. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशीला वाट मिळते.

वेदना होतात का, हा प्रश्न वेगळा. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या चेहऱ्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवले. ओठात आम्ल टोचलेले मासे खाणं टाळत होते, ओठ तळाच्या खड्यांवर घासत होते. विरोधकांचं म्हणणं असं, की माणसाच्या मेंदूत वेदनेची जाणीव करून देणारा जो थर असतो तो माशाला नाहीच. वाद मिटलेला नाही. माझा कल स्नेडनकडे आहे. ओठ खड्यावर घासणारा मासा नुसती प्रतिक्षिप्त क्रिया करत नसावा.

स्वित्झर्लंडने या वादातून उलटाच निष्कर्ष काढला. तिथल्या प्राणी संरक्षणाच्या नियमांत परत सोडायच्याच हेतूने मासे पकडायला मनाई आहे. तिथे खेळणं क्रौर्य ठरलं आणि मारून खाणं रीतसर. जर्मनीतही प्राण्याला यातना द्यायला 'वाजवी कारण' लागतं, आणि नुसती हौस त्यात बसते का यावर तिथे खटले झाले आहेत.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने निराळं केलं. नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सियसला पोचलं, की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद करतात. कारण सरळ आहे. गोड्या पाण्यात १० अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त ११ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. उलट थंड रक्ताच्या माशाची प्राणवायूची गरज गरम पाण्यात वाढते. म्हणून तिथले लोक पहाटे गळ टाकतात आणि दुपारी घरी बसतात, आणि तोच सल्ला आपल्याकडचे हौशी लोक एकमेकांना जसाच्या तसा देतात.

नागपुरात तो उलटा पडतो. आपली शहरातली तळी उन्हाळ्यात शेवाळाने हिरवी होतात. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर स्वतःच श्वास घेत तो संपवतं. अशा तळ्यात सगळ्यात थंड वेळ, पहाट, हीच माशांच्या गुदमरण्याची वेळ असते. मेलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात ते बऱ्याचदा यामुळे. दुपारी पाणी तापतं, पण वरच्या थरात प्राणवायू भरपूर असतो. मरळीला या सगळ्याचं फारसं काही नाही, ती वर येऊन हवा घेते. रोहूला आहे. खिंडसीसारख्या मोठ्या, त्यामानाने स्वच्छ पाण्याचं गणित आणखी निराळं.

तेव्हा मे महिन्यात पहाटे एखाद्या हिरव्या तळ्यात दोन किलोचा रोहू दहा मिनिटं खेळवून, हातात धरून, तीन फोटो काढून सोडणारा माणूस जे करतो त्याला मी दया म्हणणार नाही. जिथे मासेमारीची परवानगी आहे तिथे तो रोहू डोक्यावर एक टोला देऊन लगेच मारावा आणि घरी सावजी मसाल्यात शिजवावा. स्विस अधिकाऱ्याची त्याला हरकत नसेल.