भाकरी आली, कोरड्यासाचं काय?

संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास मराठवाड्यातल्या कुठल्याही गावच्या किराणा दुकानासमोर थोडा वेळ उभं राहावं. खुरपणीहून परतलेल्या बाया घरी जायच्या आधी तिथे थांबतात. वीसचं तेल, दहाची डाळ, पाचची चहापत्ती, लसणाचा एखादा गड्डा. दुकानदार तेल छोट्या पिशवीत ओतून गाठ मारून देतो. पीठ सहसा कुणी मागत नाही, कारण रेशनचे गहू-तांदूळ घरात असतात. दिवसाच्या मजुरीतून विकत घ्यायचं असतं ते भाकरीबरोबरचं, म्हणजे कोरड्यास. खेड्यातली आजची अन्नटंचाई समजून घ्यायची तर त्या पिशवीपासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. ती टंचाई तिथवर कशी आली, हे पाहायला मात्र बरंच मागे जावं लागतं.

जुन्या गावगाड्यात खाण्यावर रोख पैसा फार कमी खर्च व्हायचा. बलुतेदाराला सुगीत खळ्यावर धान्य मिळे, सालगड्याचं साल ज्वारीच्या पोत्यांवर ठरे. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची कणगी भरलेली असे, पेवात वर्षा-दोन वर्षांचं धान्य असे. पण हे चित्र सगळ्या घरांचं नव्हतं. भूमिहीन घरात आषाढ-श्रावण कठीण जायचा. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात उभं. मग सावकाराकडून खायला धान्य आणायचं आणि पीक आल्यावर सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट-दीडपट, फेडायचं. आदिवासी पट्ट्यात याच उसनवारीला खावटी म्हणतात. भुकेसाठी घेतलेलं कर्ज इतकं नेहमीचं होतं, की त्याला स्वतःचा शब्द मिळाला.

1876 ते 1878 च्या दुष्काळात सरकारने भुकेचा हिशेब पहिल्यांदा नेमका मांडला, तोही माणसाला कमीत कमी किती दिलं म्हणजे चालेल या अंगाने. ब्रिटिश सरकारने दुष्काळ पाहायला पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. त्या वरच्या थोड्या पैशांत डाळ, मीठ, मिरची, तेल हे सगळं बसवायचं होतं. त्यानंतर आलेल्या दुष्काळ संहितेत, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याच्या नियमांतही, मोजमाप धान्याचंच राहिलं.

जवळजवळ शंभर वर्षांनी, 1972 च्या दुष्काळात, महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर नेली गेली. लाखो लोक खडी फोडायला, नालाबंडिंगला, पाझर तलावांवर गेले, आणि त्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. ज्यांनी ते वर्ष पाहिलं त्यांच्या बोलण्यात दोन शब्द हटकून येतात: सुकडी आणि मिलो. सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटलं जाणारं तयार पौष्टिक खाणं, आणि मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. मिलोची भाकरी नीट थापता येत नसे आणि चवही जिभेला रुचत नसे, पण तिने माणसं जगवली. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराच्या कामाला पैसा आला. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे.

याच सुमारास पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ गरिबी मोजत होते. 1971 मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिवसाला माणशी 2,250 कॅलरी हा पाया धरला होता. 1960-61 च्या भावाने तेवढं अन्न मिळवू शकणाऱ्या ग्रामीण माणसाचा सगळा मासिक खर्च 15 रुपयांच्या आसपास येत होता. ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के लोक त्याही खाली होते. त्या काळात हे मोजणं फार गरजेचं होतं. पण सर्वात स्वस्त कॅलरी धान्यातून मिळते, त्यामुळे पोट भरणं म्हणजे धान्य मिळणं, ही समजूत सरकारी धोरणात घट्ट बसली.

घरखर्च मोजणाऱ्या सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे देशभराचे आकडे पाहा. 1972-73 मध्ये ग्रामीण घराच्या दर शंभर रुपयांतले जवळजवळ 73 खाण्यावर जात आणि त्यांतले 41 नुसत्या धान्यावर. 2022-23 मध्ये खाण्याचा वाटा 46 रुपयांवर आला आणि धान्याचा जेमतेम 5 वर. मधल्या काळात पाहणीची पद्धत बदलली आणि फुकटच्या रेशनची किंमत या 5 रुपयांत धरलेली नाही, हे लक्षात ठेवूनही बदल मोठाच आहे. यामागे रेशनचा वाटा मोठा आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला 5 किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने दिलं, सर्वात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला घरटी 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून ते पूर्ण फुकट झालं. सवाई-दिढीची उसनवारी ज्यांनी पाहिली, त्यांना याचं मोल सांगावं लागत नाही.

पण त्याच 2022-23 च्या पाहणीत तळच्या 5 टक्के ग्रामीण लोकांचा माणशी महिन्याचा खर्च 1,373 रुपये निघाला. यात खाणं, कपडे, औषध, प्रवास सगळं आलं. धान्य सोडून बाकी ताट त्यातच भरायचं.

आणि ते ताट आता जवळपास सगळं विकतचं झालं आहे. पूर्वी ज्वारीच्या ओळींमधून तूर, मटकी, कारळं, अंबाडी असायची, बांधाला शेवगा असायचा. खुरपताना बाया तांदुळजा, पाथरी, घोळ ओट्यात घालून आणायच्या आणि संध्याकाळचं कोरड्यास फुकटात व्हायचं. सोयाबीन, कापूस, ऊस पसरले तशी ही मिसळ गेली. तणनाशक आलं तशी रानभाजी गेली, आणि खुरपणीची मजुरीही कमी झाली. हे नुकसान कुठल्याच खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही. फुकट मिळत होतं ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

डाळीचं उदाहरण घ्या. 2015 च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. सव्वा-दीड वर्षानेच, 2017 च्या सुरुवातीला, याच राज्यात खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या पोत्यांच्या रांगा लागल्या, कारण बाजारात 5,050 रुपयांचा हमीभावही मिळत नव्हता. तूर पिकवणारं घर सुगीत ती मिळेल त्या भावाने विकतं, कारण खत-बियाण्याची उधारी फेडायची असते. पावसाळ्यात तेच घर दुकानातून दहाची डाळ आणतं.

याचं फळ अंगावर दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांतलं रक्तक्षयाचं प्रमाण 2015-16 मध्ये 48 टक्के होतं, 2019-21 मध्ये ते 54 टक्क्यांवर गेलं. त्याच 2019-21 च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत 35 मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आठ प्रश्नांच्या पाहणीत म्हणूनच किलोंचा हिशेब नसतो. पैसे नव्हते म्हणून ठरावीकच पदार्थ खाऊन भागवलंत का, एखादं जेवण टाळलंत का, असं तिथे माणसालाच विचारतात. आपल्याकडे हे प्रश्न घरातल्या बाईला वेगळं बसवून विचारावेत. सगळ्यांत शेवटी जेवते ती, आणि कोरड्यास संपलं तर मीठ-मिरचीशी भाकरी खाते तीच.

डाळ-तेल द्यायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 2022 च्या दिवाळीत राज्याने 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिलं, पण ते सणापुरतं. त्याआधी, 1978 पासून चालत आलेल्या खावटी कर्ज योजनेच्या जागी, 2020 मध्ये आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान जाहीर झालं: घरटी 4,000 रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याचा शिधा. त्या शिध्यात मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, तूरडाळ, उडीदडाळ, शेंगदाणा तेल, मिरची पावडर आणि मीठ होतं. यादी करणाऱ्याला कोरड्यास कळत होतं. ती मदत एका वर्षापुरती होती.