ब्रेक पॅड बदल व ब्रेकधूळ

मालवाहू वाहनाच्या डिस्क ब्रेकमधील पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर म्हणजे डिस्कवर दाबले जाऊन वेग रोखणारे तुकडे) काढून त्यांच्या जागी कमी धूळ सोडणारे पॅड घरच्या अंगणात स्वतः बसवणे. चाकाच्या रिमवर साचणारी काळपट भुकटी कमी व्हावी आणि मजुरीही वाचावी, असा दुहेरी हेतू त्यामागे असतो. कोल्हापूर परिसरात हे काम पुढील चाकांना डिस्क असलेल्या पिकअप व तत्सम हलक्या गाड्यांपुरतेच शक्य आहे. ऊस, साखर किंवा ओतीव माल वाहणाऱ्या जड ट्रकांना बहुतांशी हवेच्या दाबावर चालणारे ड्रम ब्रेक असतात. त्यांत पॅड नसून ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानदार तुकड्यांवर (शूवर) रिव्हेटने बसवलेले लायनर म्हणजे घर्षणाचे अस्तर असते आणि हँडब्रेकच्या चेंबरमध्ये दाबून ठेवलेली जबर ताकदीची स्प्रिंग असते. ती सुटल्यास जीव जाऊ शकतो; तो प्रकार मिस्त्रीचाच.

उगम : डिस्क ब्रेकचे जनकत्व वादग्रस्त आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांच्या १९०२ च्या पेटंटला सामान्यतः अग्रमान दिला जातो. अमेरिकेतील एल्मर स्पेरी यांच्या विजेवरील गाडीला १८९८ च्या सुमारास पुढील चाकांवर डिस्कसारखी योजना होती, असे काही लेखक नोंदवतात. मात्र ती विद्युतचुंबकीय तत्त्वावरील होती, त्यामुळे आजच्या पॅडशी तिचे नाते दूरचे ठरते. ड्रम ब्रेकबाबतही असाच वाद आहे. श्रेय फ्रान्समधील लुई रेनो यांना (१९०२) मिळते, परंतु जर्मनीतील मायबाख यांच्या गाडीवर त्याआधी एक-दोन वर्षे त्याचे साधे रूप वापरले गेले असावे. पॅडपुरते पाहायचे तर डिस्क कोणी शोधली यापेक्षा तिच्यावर घासले जाणारे अस्तर कोणी घडवले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. १८८८ मध्ये मोटारगाडीचे जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्टा बेंझ यांनी जर्मनीतील मॅनहाइम ते फॉर्झहाइम प्रवासात चांभाराकडून ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले होते. इंग्लंडमधील हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ च्या सुमारास घर्षण-अस्तराचे प्रयोग सुरू केले, पुढे सुती विणीची अस्तरे बनवली आणि १९०७–०८ च्या आसपास ॲस्बेस्टॉस वापरात आणले. लँचेस्टर यांच्या ब्रेकमध्ये तांब्याचे अस्तर धातूच्या चकतीवर घासून कर्कश आवाज होई; तो ॲस्बेस्टॉसच्या अस्तराने आटोक्यात आला. म्हणून पॅडची परंपरा फ्रूड यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९५३ च्या फ्रान्समधील ल मां मोटार शर्यतीत जग्वारच्या विजयानंतर डिस्क ब्रेकचा प्रसार वेगाने झाला. ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक असल्याने पुढे अनेक देशांत मागे पडले.

घटक व धूळ : पॅडमध्ये फिनॉलिक राळ, तंतू, ग्रॅफाइट, बेरियम सल्फेटसारखे पूरक आणि काजूच्या टरफलातील तेलापासून केलेली भुकटी असते. ही भुकटी आवाज व झीज कमी करते. (चंदगड–आजरा भागात काजू फोडला जातो तेव्हा गराशिवाय जे उरते, त्याचा हा एक औद्योगिक उपयोग.) पोलादी तंतू भरपूर असलेले पॅड सेमी-मेटॅलिक. ज्यांत ते नसतात ते सेंद्रिय, आणि त्यांचाच सुधारित वर्ग सिरॅमिक या नावाने विकला जातो.

रिमवरची भुकटी केवळ पॅडची नसते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. डिस्क करड्या बिडाची (ओतीव लोखंडाची) असते आणि पोलादी तंतूंचे पॅड तिला खरवडतात. त्यामुळे धुळीत लोहाचा वाटा मोठा असतो व पावसात ती तांबूस डागांनी चिकटते. सेंद्रिय व सिरॅमिक पॅड डिस्कवर स्वतःचा पातळ थर चढवून त्या थरावर घासतात, म्हणून डिस्कची झीज कमी होते. काही अभ्यासकांच्या मते सिरॅमिकची धूळ फिकट असल्याने ती फक्त दिसत नाही, कमी होत नाही. हे मत पूर्णपणे टाकाऊ नाही. तरी यंत्रावरील चाचण्यांत सेंद्रिय पॅडमधून पोलादी तंतूंच्या पॅडपेक्षा कमी कण बाहेर पडतात, असेच बहुधा आढळते. युरोपीय संघाच्या युरो ७ नियमांत (२०२४) हलक्या वाहनांच्या ब्रेकमधून निघणाऱ्या कणांना प्रथमच मर्यादा घातली गेली. भुकटीचा काही भागच रिमवर बसतो, बाकीचा हवेत किंवा रस्त्यावर जातो.

कोल्हापूरला या विषयात दुसऱ्या बाजूनेही स्थान आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांतून वाहनांसाठी करड्या बिडाचे सुटे भाग ओतले जातात. या बिडातील ग्रॅफाइटचे पापुद्रे उष्णता वाहून नेतात व कंप शोषतात, म्हणून ड्रम आणि डिस्क दोन्हींसाठी ते पसंत केले जाते.

घाट व निवड : भरलेली पिकअप गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे किंवा आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरते तेव्हा पॅड सतत तापत राहतात. फार तापमानाला राळ विघटित होऊन वायू सुटतो, तो पॅड व डिस्क यांच्यामध्ये साचतो आणि पेडल दाबूनही गाडी उतारावर पुढे जातच राहते. सेमी-मेटॅलिक पॅड ही उष्णता सामान्यतः अधिक सोसतात. त्यामुळे शहरात फिरणाऱ्या गाडीला कमी धुळीचे पॅड योग्य, पण कोकणात माल नेणाऱ्याने रिमच्या स्वच्छतेसाठी ते निवडणे शहाणपणाचे नाही. खालच्या गिअरमध्ये उतरणे दोघांनाही लागू.

पद्धत : सपाट जागी मागील चाकांना अडसर लावून, नट आधी सैल करून गाडी जॅकवर उचलतात व स्टँडवर टेकवतात, नुसत्या जॅकवर काम करीत नाहीत. कॅलिपरचा (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवतात. पूर्ण काढल्यास तारेने टांगतात, ब्रेक ऑइलच्या नळीवर (होजवर) लोंबकळू देत नाहीत. सी-क्लॅम्पने (सी आकाराच्या शिकंजाने) कॅलिपरमधील पिस्टन मागे दाबताना टाकीतील ब्रेक ऑइल वर येते व रंगावर सांडल्यास रंग जातो. जुनी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची गॅरेजांतील सवय घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी व मास्क लावावा. पॅड एकाच आसावर जोडीने बदलतात. अस्तर सुमारे ३ मिमी उरले की बदल अपरिहार्य मानतात. चाक बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे लागते, नाहीतर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. नंतर मध्यम वेगावरून काही वेळा पूर्ण न थांबता वेग उतरवून व मधे गार होऊ देऊन पॅड डिस्कवर बसवतात. या पहिल्या टप्प्यात नवे पॅडही नेहमीपेक्षा जास्त धूळ सोडतात.