ओव्हरडेट नाणे : अस्सलपणा आणि प्रतवारी

ज्या नाण्यावरील सालाच्या एखाद्या आकड्याखाली आधीच्या सालाचा आकडा अर्धवट दिसतो, त्याला ओव्हरडेट नाणे म्हणतात. पोलादी ठसा (डाय) तयार करणे खर्चाचे काम होते. त्यामुळे वर्ष बदलले तरी जुना ठसा मोडीत न काढता त्याच्यावरच नवा आकडा ठोकला जाई. पुढे त्या ठशाखालून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर दोन्ही आकडे उमटत. विसाव्या शतकात साल मूळ साच्यातच (ज्याने दाबून ठसे बनवतात तो हब) येऊ लागले, तेव्हा हा प्रकार जवळजवळ थांबला, तरी चुका झाल्याच. अमेरिकेच्या १९४२ सालच्या काही दहा सेंटच्या नाण्यांवर २ च्या मागे १ दिसतो. त्या ठशावर एकदा १९४१ चा आणि एकदा १९४२ चा साचा दाबला गेला होता.

नाण्यावर नाणे पाडणे हा वेगळा प्रकार आहे आणि दोहोंची गल्लत नेहमी होते. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर आपला छाप मारला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यात अशी नाणी हजारोंनी होती. त्यांत जुना छाप नाण्यावर होता, म्हणून प्रत्येक नाण्यावर तो वेगळ्या जागी डोकावतो. ओव्हरडेटमध्ये जुना आकडा ठशात असतो, म्हणून एका ठशाच्या सगळ्या नाण्यांवर तो त्याच जागी, त्याच तिरकेपणाने यायला हवा. खऱ्याखोट्याची परीक्षा मुख्यतः यावरच होते.

मराठवाड्यात हा प्रश्न बहुधा निजामाच्या हाली शिक्क्याच्या, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या स्वतःच्या चलनाच्या नाण्यांबाबत येतो. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर इथल्या सराफ्यात मोडीला येणाऱ्या जुन्या चांदीत चारमिनारचे रुपये असतात. मोगल टांकसाळींची नाणीही मिळतात. औरंगाबादचे नाव त्यांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येते. ही नाणी पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : त्यांवर दोन साले असतात, एक हिजरी आणि दुसरे राजाच्या गादीवर बसण्यापासून मोजलेले जुलूस साल. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान १९११ च्या ऑगस्टअखेर, म्हणजे हिजरी १३२९ च्या रमजानात गादीवर आला. त्यामुळे त्याचे पहिले जुलूस साल १३२९ आणि १३३० या दोन्ही हिजरी सालांत पसरते. ही दोन साले एकाच दिवशी बदलत नसल्याने ठशावर आकडा बदलण्याचे प्रसंगही दोन. उस्मान अलीच्या नाण्यावर हिजरी सालातून १३२८ किंवा १३२९ वजा केले की साधारणपणे जुलूस साल यावे. तसे आले नाही तर नाणे बारकाईने पाहावे, पण लगेच खोटे ठरवू नये. दोन बाजूंचे ठसे निरनिराळ्या वर्षांचे जोडले जाणे टांकसाळीला नवे नव्हते.

आता आकड्यांकडे. फारसी लिपीत एक म्हणजे नुसती उभी रेघ. तिच्या माथ्यावर एक वळण दिले की दोन, आणखी एक दात काढला की तीन. शून्य तर केवळ ठिपका. टांकसाळीतल्या कारागिराला दोनाचा तीन करणे जितके सोपे होते, तितकेच ते आज कोरणी हातात असलेल्या माणसालाही सोपे आहे. नाण्यावरचा ठिपका ठशाला पडलेल्या खळगीमुळेही उठू शकतो. म्हणूनच ‘खाली शून्य दिसतो’ हा दावा मला सर्वांत कच्चा वाटतो. सात आणि आठ एकमेकांचे उलटे असल्याने, एकावर दुसरा ठोकला गेला असेल तर फुलीसारखी आकृती उरते आणि ती सहसा फसवत नाही.

तपासणी वजनापासून सुरू करावी. चारमिनारचा हाली रुपया ११.१७८ ग्रॅमचा आणि ८१.८ टक्के चांदीचा, इंग्रजी कलदार (ब्रिटिश सरकारचा रुपया) ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्क्यांचा. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशोब त्यामुळेच चालत असे. दोऱ्याला टांगून पाण्यात तोलल्यावर हाली रुपयाचे वजन सुमारे १.१ ग्रॅमने कमी भरते. फरक मोठा आला तर धातूच निराळा. मग कडेवरच्या रेघा पाहाव्यात : ओतीव नकलेत त्या बोथट असतात आणि कधी मधोमध सांधा दिसतो. एवढे झाल्यावरच दहापट भिंग घेऊन, प्रकाश आडवा पाडून साल पाहावे. अस्सल ओव्हरडेटमध्ये खालचा आकडाही उठावाचाच असतो, फक्त वरच्यापेक्षा बसका. ठोक्याच्या वेळी धातू पसरल्याने पडलेल्या बारीक रेषा भोवतालच्या पटावरून (नाण्याच्या मोकळ्या सपाट भागावरून) आकड्यापर्यंत न तुटता जातात. कोरून बदललेल्या आकड्याभोवती पट किंचित खोल गेलेला असतो, चमक तेवढ्याच ठिकाणी मेलेली असते आणि खरवडल्याचे ओरखडे एकाच दिशेने धावतात. ठसा हलल्यामुळे आकड्याला आलेली सपाट पायरी हा आणखी एक चकवा. ती सालाइतकीच शेजारच्या अक्षरांनाही असते.

प्रतवारीसाठी १ ते ७० गुणांची पट्टी जगभर वापरतात. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकी सेंटसाठी मांडली होती. आपल्याकडच्या व्यवहारात व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेले) हे शब्द अधिक चालतात. सर्वसाधारण नाण्यात प्रत आणि अस्सलपणा हे दोन वेगळे प्रश्न असतात. ओव्हरडेटमध्ये मात्र ते एकमेकांत अडकलेले आहेत. खालचा आकडा बसका असल्याने झिजेत पहिला तोच जातो. फार झिजलेल्या रुपयावर ‘अंधुक दुसरा आकडा’ दाखवणाऱ्याला त्याच ठशाचे दुसरे चांगले नाणे दाखवता आले पाहिजे, नाहीतर ती अंधुक रेघ आकडा मानू नये. उलटही घडते. ठसा वापरून वापरून घासला जाई, मधून पॉलिशही होई, आणि खालचा आकडा ठशातच पुसट होई. अशा वेळी उशिरा पाडलेल्या कोऱ्या नाण्यापेक्षा सुरुवातीला पाडलेले, चार हातांतून गेलेले नाणे दोन्ही आकडे स्पष्ट दाखवते. एकूण प्रत आणि आकड्याची स्पष्टता यांची नोंद म्हणून वेगवेगळी करावी. केवळ प्रतीवर किंमत लावणारा इथे फसतो.

मराठवाड्यातल्या नाण्यांचे खास नुकसान घरातच झालेले असते. लक्ष्मीपूजनाचे रुपये दर दिवाळीला चिंचेने किंवा राखेने घासले जातात, मग हळदकुंकू वाहिले जाते. अशा रुपयाचा पट आरशासारखा आणि आकड्यांच्या कडा गोल झालेल्या असतात. खाचेत घट्ट बसलेले कुंकू काळसर होऊन दुसऱ्या आकड्याच्या सावलीचा भास करते. ते टोकदार सुईने काढू नये. शुद्ध पाण्यात भिजवून ते सुटले तर उत्तम, नाहीतर राहू द्यावे. बंजारा तांड्यांवरील दागिन्यांतून आलेल्या रुपयांना बहुधा कडी डाखलेली असते. कडी काढली तरी डाखाचा डाग राहतो. घासलेल्या किंवा डाखलेल्या नाण्याला पूर्ण गुण मिळत नाहीत. दोष नमूद करून ‘डिटेल्स’ एवढीच प्रत दिली जाते. ओव्हरडेट अस्सल असेल तर अशा नाण्यालाही किंमत असते, फक्त ती निर्दोष नाण्याइतकी मागू नये.

नांगरताना किंवा जुना वाडा पाडताना नाणी सापडली आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी असे नाणे परदेशातल्या प्रतवारी संस्थेकडे धाडण्याचा मार्ग बंदच आहे.